बर्फाच्या पेटीतले खलाशी

कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर आमच्या शेजारच्या तांडेलांइतके मासे दुसऱ्या कुणी मारले नसतील, आणि एक मासा जिवंत ठेवण्यासाठी त्यांच्याइतका घरादाराचा छळही कुणी केला नसेल. होडीवर ज्याचा शब्द शेवटचा असतो तो तांडेल. चाळीसेक वर्षं हे पद भूषवल्यामुळे जमिनीवरही आपलाच शब्द शेवटचा, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. बायको, झिल म्हणजे मुलगा, सून आणि परसातल्या कोंबड्या यांपैकी कुणीच तो मानत नसे. पण त्यामुळे त्यांच्या आवाजात कधी फरक पडला नाही. एसटीत ते कायम ड्रायव्हरच्या मागे बसत आणि वळण आलं की त्याला "सावकाश घे रे, आत दाबून" असं सांगत. डॉक्टरांनी दीर्घ श्वास घ्यायला सांगितला, तर आधी खिडकीबाहेर पाहून वारा कुठला आहे ते ठरवत. बाजारातला मासा हातात घेऊन तो कुठल्या खडपाजवळ पकडलाय हेही ते छातीठोकपणे सांगत. मासा मेलेला असल्यामुळे त्यांना खोटं पाडायला कुणी उरत नसे.

त्यांचा एक नियम होता. हंगामाचा शेवटचा मासा खायचा नाही, विकायचा नाही. जिथे मिळाला तिथे आपल्या हाताने समुद्राला परत करायचा. हा नियम त्यांच्याखेरीज अख्ख्या किनाऱ्यावर कुणाला ठाऊक नव्हता. गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीच्या फेरीत जाळ्यात आलेला बोटभर लांबीचा तांबोसा त्यांनी त्यासाठी बालदीत बाजूला ठेवला, आणि तेवढ्यात होडीवरच चक्कर येऊन ते पडले. झिलाने होडी फिरवली ती थेट बंदरात आणली. डॉक्टरांनी समुद्र बंद केला. बालदीतला तांबोसा मात्र जिवंतच घरी आला.

"शेवटचो मासो परत करूचो रवलो," तांडेल खाटेवरून म्हणाले. "माका एकदा जावक व्हया."

झिल समजुतीचा. म्हाताऱ्याला नाही म्हणणं जिवावर आलं, म्हणून त्याने जबाबदारी माशावर टाकली. "ह्यो नारळी पुनवेपर्यंत जगलो, तर तुमीच जावन सोडा. मी नेतंय तुमका." मासा आठ दिवससुद्धा टिकणार नाही याबद्दल त्याची खात्री होती. माझीही होती. तांडेल उठून बसले आणि म्हणाले, "मरूचो नाय तो."

एका लॉजवाल्याने टाकून दिलेली काचेची टाकी त्यांनी पैदा केली. पहिले काही दिवस सून रोज समुद्राचं पाणी आणून ओतत होती. पण पावसाळ्यात नदीचा गढूळ लोंढा समुद्रात शिरतो. ते पाणी घातलं तर मासा गचकणारच. म्हणजे आहे तेच पाणी धुऊन पुन्हा वापरायला हवं. मी निवृत्त विज्ञान शिक्षक, त्यामुळे ही कामगिरी माझ्या गळ्यात पडली. मोबाइलवर 'संप फिल्टर' नावाचा प्रकार सापडला. वरच्या टाकीतलं घाण पाणी नळीने खालच्या पेटीत उतरतं, तिथे गाळून निघतं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. विकतचा आणू म्हटलं, तर तांडेलांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी लगेच मोबाइल खिशात घातला.

खालची पेटी म्हणून होडीवरची जुनी बर्फाची पेटी आली. जिच्यात आजवर हजारो मासे मरून पडले, तिच्यावरच आता एका माशाला जगवण्याची वेळ आली. काचेचे तुकडे चिकटवून तिचे तीन कप्पे केले. पहिल्या कप्प्यात स्पंज, दुसऱ्यात फाटक्या जाळ्याचे गोळे आणि कालवांच्या शिंपल्या, तिसऱ्यात पंप. पंप देवगडात मिळेना, म्हणून मालवणला जाऊन आणला. स्पंज कुठून आणला हे काकूंनी, म्हणजे तांडेलांच्या बायकोने, झोपायला गेल्यावर आपली उशी हातात घेतली तेव्हा त्यांना कळलं.

माशाची घाण खाणारे सूक्ष्म जिवाणू या शिंपल्यांवर वाढतात, ते जमायला महिना लागतो, हे मी त्यांना वर्गात शिकवल्यासारखं समजावून सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे खलाशी. दिसनत नाय, पण काम करतत." त्या दिवसापासून पेटीत खलाशी भरती झाले. तांडेल रोज सकाळी पेटीपुढे बसून त्यांची हजेरी घेतल्यासारखे पाण्याकडे बघत. माशाला कोळंबीचा तुकडा मिळे. सोमवारी काहीच नाही, कारण घरात सोमवार पाळत. आणि जेवणात माशांचं कालवण असेल तेव्हा टाकीवर पंचा पसरला जाई. "तेका कित्याक दाखवूचा?" एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

जूनमध्ये एका सकाळी लाईट गेली. आमच्याकडे लाईट जाणं ही बातमी नव्हे. पण पंप बंद पडल्यावर पाणी वर चढवणारी नळी तेच पाणी उलटं खाली ओढू लागेल, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मी तीस वर्षं आठवीच्या वर्गाला वक्रनलिका शिकवली. तांडेलांनी चाळीस वर्षं तोंडाने नळी ओढून पिंपातलं डिझेल इंजिनात उतरवलं. आणि आम्ही दोघे विद्वान टाकी रिकामी होताना बघत उभे होतो. पेटी भरून वाहिली. टाकीखाली काकूंनी पावसाळ्यासाठी साठवलेली सुक्या बांगड्यांची गोणी होती, ती भिजून चिंब झाली. तांबोसा तळाच्या चार बोटं पाण्यात आडवा पडला होता.

"एका माश्यापायी माजी गोण बुडवल्यात," काकू म्हणाल्या. तांडेलांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी झटक्यात नळी पाण्याबाहेर उचलली, नळीत हवा शिरली आणि पाणी थांबलं. "डिझेलाचा असाच करूचो मी," ते पुटपुटले. त्यांचा चेहरा पडला होता. मग त्यांनी खिळा तापवून नळीला पाण्याच्या पातळीशी एक भोक पाडलं. पुन्हा कधी लाईट गेली तर पाणी तिथवर उतरणार आणि भोकातून हवा शिरून थांबणार. एवढा शोध त्यांनी पुस्तकाशिवाय लावला. मात्र लाईट तिन्हीसांजेपर्यंत आली नाही. तोवर पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते तांब्याने पेटीतलं पाणी उंचावरून टाकीत ओतत राहिले. हात भरून आले की मी ओतत असे, आणि जेवणानंतर तासभर काकूंनी तांब्या आपल्या हातात घेतला.

मासा जगला. नारळी पौर्णिमेला झिलाने समुद्राला नारळ अर्पण केला, घरी येऊन टाकीकडे पाहिलं आणि डोकं खाजवलं. आठवड्याने वारा पडल्यावर आम्ही निघालो. झिल मोबाइलच्या नकाशावर जागा शोधत होता. तांडेल मागे बसून देवळाचा कळस आणि डोंगरावरचा वड एका रेषेत येण्याची वाट पाहत होते. "थांबय," ते म्हणाले. नकाशा अजून पुढची जागा दाखवत होता. झिलाने इंजिन बंद केलं. तांडेलांनी दोन्ही हातांनी बालदी कलती केली. तांबोसा गेला, मागे वळून वगैरे त्याने काही पाहिलं नाही. परत येताना तांडेलांनी एकही हुकूम सोडला नाही, आणि ही आपली शेवटची फेरी हे त्यांना कळलंय, हे मला तेव्हा कळलं. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी गेलो तर रिकाम्या टाकीत पाणी खळखळत होतं. मी म्हटलं, "आता पंप बंद करा की."

"मासो गेलो, मास्तरांनू. खलाशी हंयच आसत," चिमूटभर सुका जवळा पाण्यात सोडत ते म्हणाले. "तेंका उपाशी ठेवन कसा चलात?"

भिंतीपलीकडून तो आवाज आता मला दिवसभर ऐकू येतो. परवा दुपारी लाईट गेली आणि तो थांबला. मी हातातलं वर्तमानपत्र टाकून धावलो. तांडेल तांब्या घेऊन पाणी ओततच होते. दुसरा तांब्या त्यांनी माझ्यासाठी काढून ठेवला होता.