टी पेशी आणि माझी फजिती

आमच्या बेळगावच्या लॅबमध्ये पेशी कमी वाढतात, किस्से जास्त. पेशी मेल्या तर वहीत नोंद होते. माझी फजिती मात्र सगळ्यांना तोंडपाठ आहे.

काम सांगायला सोपं. माणसाच्या रक्तातल्या टी पेशी वेगळ्या काढायच्या, औषध घालून त्यांना डिवचायचं आणि त्या किती केमोकाईन सोडतात ते मोजायचं. केमोकाईन म्हणजे बाकीच्या लढाऊ पेशींना 'इकडं या' असं सांगणारं रसायन.

*

तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्त हवं होतं. मी ऐटीत बाही वर केली. सुई टोचली, त्यानंतर आठवतंय ते थेट छत. टेक्निशियन रेखाआक्का फॉर्म घेऊन उभ्या होत्या.

"'निरोगी' लिवलंय. ठेवू का खोडू?"

*

एकदा न डिवचलेल्या पेशींनीही भरपूर केमोकाईन सोडलं. नवा शोध लागला म्हणून मी पेढे वाटले. गाईड मॅडमनी पेढा खाल्ला आणि माझी वही चाळली. औषध मी दोन्हीकडं घातलं होतं.

"पेढा चांगला होता," मॅडम म्हणाल्या. "आता परत सुरुवातीपासून करा."

*

गावी, खानापूरकडं, माझे वडील आप्पा सगळ्यांना अभिमानानं सांगतात, "पोरगं बेळगावात टीवर काम करतंय." एका लग्नात त्यांच्या मित्रानं मला बाजूला घेतलं.

"लई शिकलास रं. मग हॉटेल कुठं घातलंस?"

*

गावच्या शाळेत अर्धा तास टी पेशींचं कौतुक केलं. सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, मायक्रोस्कोपात टी पेशी कुठली, ते बघून वळखतासा?"

"नुसतं बघून नाही ओळखता येत. दुसऱ्याही तशाच दिसतात."

ती खाली बसली आणि मैत्रिणीला म्हणाली, "सरांस्नी बी ठावं न्हाय गं."

*

आईला संधिवात आहे. सांध्यात केमोकाईन वाढलं की पेशींची गर्दी होते, बोटं सुजतात. अशाच रुग्णांचं रक्त आम्हाला हवं होतं. आई म्हणाली, "मग माझं घे की." मी टाळाटाळ केली. पेढ्यांचा प्रकार आईच्या रक्तावर झाला तर?

तरी ती आली, आप्पांना घेऊन. आईची संमती मी घेणं नियमात बसत नव्हतं, म्हणून रेखाआक्का फॉर्म वाचू लागल्या.

"तुम्ही केव्हाही, कारण न सांगता, यातून बाहेर पडू शकता."

आईनं सुजलेल्या बोटांत पेन धरलं होतं. ती थांबली.

"हे परत वाचा बघू."

आक्कांनी परत वाचलं. आईनं एकदा आप्पांकडं बघितलं आणि सावकाश सही करत म्हणाली, "आमच्या लग्नात असलं काय कुणी वाचून दावलं न्हाय."