सेंदाईच्या किनाऱ्यावरचं संत्रं

शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) तोक्योहून दीड तासात सेंदाईला पोचते, म्हणून काय माणूस दमत नाही? तोक्योतलं फुनाबोरीचं घर सोडल्यापासून सासूबाईंच्या औषधांची पिशवी आणि आठ वर्षांच्या मीराची भुणभुण, दोन्ही माझ्याच वाट्याला. माझ्या नवऱ्याची, समीरची, सेंदाईला बदली होत होती. सोमवारी त्याला होकार किंवा नकार कळवायचा होता आणि घोडं माझ्यापाशी अडलं होतं, म्हणून सगळे आधी शहर बघायला निघालो होतो. २०११च्या भूकंपाला काही वर्षं होऊन गेली होती. तरी त्सुनामीने धुऊन नेलेल्या या भागात लेकीला घेऊन राहायचं म्हटलं की मी विषयच बदलायचे.

पहिला दिवस किल्ल्याची टेकडी चढण्यात गेला. पायांचे तुकडे पडले, आणि वर बघतो तर किल्लाच नाही, नुसती तटबंदी! सासूबाई म्हणाल्या, यापेक्षा आपला सिंहगड बरा, निदान पिठलं-भाकरी तरी मिळते. झुंदा मोची (कोवळ्या सोयाबीनचं गोड हिरवं सारण लावलेले तांदळाचे गोळे) मात्र त्यांनी दोनदा मागून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी समीर तिथल्या ऑफिसात गेला आणि आम्ही तिघी बसने किनाऱ्यावर. घरांचे चौथरे तेवढे उरलेले. स्मारकापाशी फुलं, चहाच्या बाटल्या, संत्री ठेवलेली होती. सासूबाईंनी हात जोडले, एक संत्रं उचललं, सोललं आणि अर्धं मीराच्या हातावर ठेवलं. त्यांच्या लेखी तो प्रसाद! मागे एक जपानी आजी उभ्या होत्या. संत्री त्यांनीच ठेवली होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कमरेत वाकून माफी मागत राहिले. देवाचं समजून घेतलं, एवढं जपानी शाळेत जाणाऱ्या मीराला सांगायला लावलं. आजी हळू आवाजात काहीतरी बोलल्या.

"त्यांच्या नातीसाठी होतं," मीरा म्हणाली. "ती माझ्याएवढी होती."

सासूबाईंनी हातातलं अर्धं संत्रं परत जागेवर ठेवलं. आजींनी मात्र दुसरं संत्रं उचलून स्वतः मीराच्या हातात दिलं. न राहवून मी मीराकरवी विचारलं, इथे राहायची भीती नाही वाटत?

"वाटते," मीराने सांगितलं. "म्हणून आता त्या टेकडीकडे राहतात. पण तिला भेटायला कुणीतरी यायला हवं ना, म्हणतात."

परतीच्या गाडीत मीच समीरला म्हटलं, "घर बघ. टेकडीकडचं, समुद्रापासून लांब."

भीती होती तशीच होती. पण भीत भीतही माणूस राहतं, हे डोळ्यांनी बघून आले होते. आता ‘नाही’ तरी कुठल्या तोंडाने म्हणणार?