नुसतं ‘हव’

माझी बायको कुमुद लोकांचे बिघडलेले सर्व्हर दुरुस्त करते आणि मी तिची स्कूटर चालवतो. रिटायर झाल्यावर मला मिळालेलं हे प्रमोशन. आयुष्यभर स्टेशनमास्तर होतो, त्यामुळे आमच्या घरात एक शब्द मिठासारखा सगळ्यात पडतो: क्लिअर. कुकर उतरला, क्लिअर. पाहुणे गेले, क्लिअर. रेल्वेत पुढच्या स्टेशननं ‘लाइन क्लिअर’ दिल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि ते देता-घेताना ऐकलेलं जसंच्या तसं उलट म्हणून दाखवावं लागतं. शब्द तेवढा घरी आला. उलट म्हणून दाखवायची शिस्त स्टेशनातच राहिली.

त्या दुपारी आम्ही रायपूरच्या भनपुरीत एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात होतो. शंकर नगरच्या स्कॅनिंग सेंटरमधून शर्मिष्ठाचा फोन आला. ती तिथली मॅनेजर, कुमुदला मोठ्या बहिणीसारखी मानते. तिच्या आईच्या, शांताबाईंच्या डोक्यात गाठ. त्या हॉस्पिटलात ऑपरेशनसाठी सकाळपासून उपाशी निजलेल्या. सर्जनला जुना एमआरआय हवा होता: गाठ वाढली असेल तर आजच कापायची, नसेल तर हात लावायचा नाही. घरच्या फिल्मा कूलरच्या ओलाव्यानं एकमेकींना चिकटून गेल्या होत्या. तो एमआरआय आता फक्त सेंटरच्या सर्व्हरवर होता, आणि सर्व्हर बंद पडला होता.

बॅकअप? होता की! त्याच सर्व्हरच्या पोटात. दुसरी किल्ली घरात ठेवून बाहेरून कुलूप लावणारी ही माणसं. असलं ऐकलं की माझं डोकं फिरतं.

दुखणं काय ते कुमुदनं फोनवरच ओळखलं. सेंटरचे सगळे फोटो चार डिस्कवर तुकड्या-तुकड्यांनी ठेवलेले असतात आणि कोणता तुकडा कुठे हे रेड कंट्रोलर नावाचं एक कार्ड सांभाळतं. दोन डिस्क मागे बिघडल्या तेव्हा दुसऱ्या कंपनीच्या, स्वस्त, बसवल्या होत्या. कुमुदच्याच सल्ल्यानं. सकाळी कोणीतरी कार्डाला नवा अपडेट दिला. त्या बाहेरच्या डिस्क उत्तर द्यायला जरा वेळ लावतात, तेवढा वेळ थांबायला नवं कार्ड तयार नाही. त्यानं दोघींना हाकललं आणि स्क्रीनवर लिहिलं, ‘फॉरेन’. खाली दोन पर्याय: इम्पोर्ट आणि क्लिअर. इम्पोर्ट म्हणजे परत घरात घे. क्लिअर म्हणजे त्यांची ओळख पुसून टाक.

फॉरेन म्हणे! तीन पिढ्या रायपुरात काढून इथले आम्हाला ‘मराठी लोग’ म्हणतात आणि नागपूरचे नातेवाईक ‘छत्तीसगडवाले’. मला त्या डिस्कची कीवच आली.

ट्रकच्या हॉर्नवर आवाज चढवून कुमुद आमच्या घरच्या बोलीत, जिच्यात बायकाही ‘करतो’च म्हणतात, ओरडली, “काहीच नको करू! फॉरेनचं मी येऊन क्लिअर करतो!”

तिकडून “हव” आलं आणि फोन बंद झाला.

आम्ही निघालो. वाटेत मी विचारलं, “काय म्हणाली ती?”

“हव म्हणाली.”

“हव म्हणजे हो. पण कशाले हो?”

 तिनं मागून माझा खांदा घट्ट धरला. “मी क्लिअर बोलली ना हो? तिच्यासमोर तेच बटन हाये.” तिनं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. “जोरात चालवा,” ती म्हणाली. ऊन तोंडावर मारत होतं.

सेंटरमध्ये शर्मिष्ठा स्क्रीनसमोर उभी होती. “दीदी, तुम्ही बोलल्या ना, फॉरेनचं क्लिअर कर. मी केलं. फिर भी चालू नहीं हो रहा.”

हॉर्ननं ‘नको करू’ आणि ‘मी येऊन’ गिळलं होतं, आणि ‘करतो’चं ‘कर’ झालं होतं. मला ओरडावंसं वाटलं. कुमुदचा चेहरा पांढराफटक पडला, पण ती स्टूल ओढून बसली. “चूक माही हाये,” ती म्हणाली.

“मम्मीचा फोटो गेला काय?”

“फोटो डिस्कवरच हाये. कार्ड मांडणी विसरलं. तीच मांडणी त्याच क्रमानं परत केली तर फोटो येते. पण शेवटी ते विचारते, इनिशियलाइज करू काय. तिथं हो झालं की सारं पुसलं जाते.”

तिनं कीबोर्ड पुढे ओढला. मी न राहवून म्हटलं, “कुमुद, उलट म्हणवून घे.” एरवी ‘तुमची रेल्वे तुमच्यापाशी’ म्हणाली असती. आज मान हलवली.

आधी तिनं सकाळचा अपडेट काढून जुना परत टाकला. कार्डानं चारही डिस्क स्वीकारल्या. मग ती बोलायची, शर्मिष्ठा उलट म्हणायची, तेव्हाच बटन दाबलं जायचं.

“पहिल्या खणातली, पहिली.”

“पहिल्या खणातली, पहिली.”

“तुकड्याचं माप जुनंच.”

“माप जुनंच.”

शेवटचा प्रश्न आला. “इनिशियलाइज, नाही,” कुमुद म्हणाली. शर्मिष्ठानं मान हलवली. टेबलावर तिचा फोन वाजू लागला, हॉस्पिटलचा. कुमुदनं बोट बटनावरून उचललं.

“नुसती मान नको हलवू. बोल.”

“इनिशियलाइज… नाही.”

बटन दाबलं. सर्व्हर घुरघुरला. नावांची यादी वर सरकू लागली आणि शांताबाईंचा करडा फोटो उघडला. मी मोठ्यानं ‘अरे वा’ म्हटलं असावं, कारण दोघींनी दचकून माझ्याकडे पाहिलं. फोटो हॉस्पिटलला पाठवला. आता सर्जनच्या फोनची वाट.

तो आला तेव्हा शर्मिष्ठानं स्पीकर लावला. “साइज़ वही है. ऑपरेशन नहीं करना है.”

मला वाटलं, आता पोरगी ‘हव’ म्हणून मोकळी होणार. तिनं डोळे पुसले. “ऑपरेशन नहीं करना है. सर, एक बार आप फिर बोलिए.”

सर्जन या वेळी सावकाश बोलला.

“नहीं करना है, दीदी. माताजी को खाना खिलाइए.”

“खाना खिलाइए,” शर्मिष्ठा उलट म्हणाली, आणि कुमुदच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू लागली.