केतकर मास्तरांचा काचेतला समुद्र

समुद्रावर जाऊन आलं की धोतराच्या काठात वाळू येते. झटकली की संपली असं वाटतं, आणि जेवायला बसावं तर पाटावर पुन्हा निघते! आमच्या शाळेतल्या त्या टाकीच्या गोष्टींचं तसंच आहे. आता सगळ्या सांगून झाल्या म्हणून मी गप्प बसतो, तोच कुणीतरी म्हणतं, "आणि ते फुटबॉलचं?" की झालं सुरू!

त्या काळी मी अलिबागेत एका हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होतो. सायन्सला केतकर मास्तर. मूळचे खानदेशातले. पंचविशी उलटेपर्यंत समुद्र त्यांनी फक्त नकाशात पाहिलेला, निळ्या रंगाचा! इथे आले, पाहिला, आणि वेडेच झाले. ओहोटी लागली की किल्ल्याच्या बाजूच्या खडकांवर जात आणि डबक्यांत डोकं घालून उकिडवे बसत.

लोक विचारीत, "मास्तर, काय पडलं?"

"काही नाही. बघतोय."

त्यामुळे लोक जास्तच काळजीत पडत!

मग एके वर्षी त्यांनी ठरवलं, खडकातलं डबकंच शाळेत आणायचं. लोहाराकडून लोखंडी चौकट करून घेतली, जाड काचा मुंबईहून बोटीने आणल्या, सांधे काचा बसवायच्या लांबीने भरले. खाली वाळू, वर शेवाळलेले दगड, आणि कावडीने आणलेलं समुद्राचं पाणी. त्यात कोळंबी, बोटाएवढे मासे, नखाएवढे खेकडे. सायन्सच्या वर्गात ती टाकी ठेवली तेव्हा सगळी शाळा लोटली.

हेडमास्तर आले. बंद गळ्याचा कोट, डोक्यावर पगडी. त्यांनी टाकीला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "केतकर, समुद्र शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे. मग हा आत कशाला आणलात?"

केतकर मास्तर टाकीशी वाकले. "सर," ते म्हणाले, "तिथे त्यांचं आपल्याकडे लक्षच नसतं!"

* * *

उन्हाळ्यात टाकीतलं पाणी आटायचं. केतकर मास्तर शाळा सुटल्यावर समुद्राचं बादलीभर पाणी आणून ओतत. सकाळी आमचा शिपाई धोंडू वर्ग झाडायला येई, त्याला वाटे टाकी अजून थोडी रिकामीच आहे. तो विहिरीचं पाणी ओतून मोकळा. हे एकमेकांना ठाऊक नाही!

काही दिवसांनी केतकर मास्तर आमच्या खोलीत येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "चमत्कार आहे. ही टाकी आपली आपण भरते!"

धोंडू तिथेच होता. तो म्हणाला, "व्हय मास्तर, मलाबी तसंच वाटत हुतं. मी सकाळी घालतो त्याच्यापेक्षा सांजच्याला जास्तच दिसतंय."

आता प्रश्न आला की टाकीतलं पाणी खारं किती राहिलंय? रोज आम्ही तिघं बोट बुडवून चव घेऊ लागलो. मी म्हणे जास्त खारट, केतकर म्हणत अळणी, धोंडू म्हणे आमटीला बरोबर आहे. हेडमास्तर म्हणाले, "बटाटा टाका! खाऱ्या पाण्यात बटाटा तरंगतो, हे मी लहानपणी वाचलंय."

टाकला. बुडाला!

"म्हणजे मीठ कमी," हेडमास्तर म्हणाले.

केतकर मास्तरांना काही पटेना. ते बटाटा घेऊन थेट समुद्रावर गेले, पाठोपाठ आम्ही. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी तो सोडला. तिथेही बुडाला!

आम्ही सगळे त्या जागेकडे बघत राहिलो. शेवटी हेडमास्तर समुद्राकडे एकवार नजर टाकून गंभीरपणे म्हणाले, "यातही कमी पडलंय म्हणायचं."

* * *

जाळ्यात येणारी चित्रविचित्र जनावरं टाकीसाठी जानकीबाई आणून द्यायची. ही कोळीवाड्यातली मासळी विकणारी बाई. नवऱ्याच्या होडीत जे कुणी खात नाही, विकत घेत नाही, ते ती एका मडक्यात पाणी घालून केतकर मास्तरांकडे पोचवी. फुगणारा केंड मासा, काटेरी गोळे, पाच पायांचे तारामासे, कसली कसली बुळबुळीत पिल्लं. मास्तर हरखून जात. "वा जानकीबाई, आणखी आणा!"

ती मास्तरांच्या तोंडाकडे बघत राही.

एक दिवस ती मडक्याऐवजी केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिने ते मास्तरांच्या टेबलावर ठेवलं. मी कोपऱ्यात चित्रं तपासत बसलो होतो, ते तिला दिसलं नाही. पानात चांगलं ताटाएवढं पापलेट!

केतकर मास्तरांनी जन्मात मासळी खाल्लेली नाही. ते एकदम मागे सरकले. "अहो जानकीबाई, हे काय?"

"ठेवा मास्तर, ठेवा. पैसं नको." ती पान पुढे सरकवत म्हणाली. "शाळंत पगार न्हाय मिलत का वो वेळेवर? केंड, कचरा, काय मिलंल ते घेताव. केंडाला विष असतंय मास्तर, मरून जाल! आज एक दिस तरी चांगलं खा."

केतकर मास्तर टाकीकडे बोट दाखवत म्हणाले, "अहो, ते खायला नाही! मला जिवंत लागतात. हा मेलेला आहे."

जानकीबाईने टाकीकडे पाहिलं. मग मास्तरांकडे पाहिलं. तिचे डोळे मोठे झाले.

"अगो बाय! मंग जित्तंच खाताव?"

* * *

टाकीत हवा खेळवायची तर वीज पाहिजे, आणि अलिबागेत वीज कुठली? केतकर मास्तरांनी युक्ती काढली. फुटबॉलचा रबरी ब्लॅडर सायकलच्या पंपाने फुगवायचा, त्याच्या तोंडाला प्रयोगशाळेतली बारीक रबरी नळी बांधायची, नळीला चिमटा लावायचा, आणि टोक पाण्यात सोडायचं. बुडबुडे येत राहात. सगळं झकास चाललं होतं.

पेणची टीम मॅचला आली त्या दिवशी आमचा बॉल फुटला. ड्रिल शिकवणारे सावंत मास्तर धावत सायन्सच्या वर्गात आले. "केतकर, ब्लॅडर द्या!"

"नाही देणार! जीव जातील."

"शाळेची अब्रू जाईल!"

दोघं हेडमास्तरांसमोर उभे. सोबत साक्षीदार म्हणून मी. हेडमास्तर न्यायी माणूस. त्यांनी दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि निकाल दिला. "भांडू नका. पहिला हाफ मॅचला, दुसरा हाफ टाकीला."

निकाल इतका समतोल होता की दुसरा हाफ खेळायचा कशाने, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही!

पहिल्या हाफमध्ये आम्ही एक गोल केला. शिट्टी झाली. केतकर मास्तर धोतराचा सोगा सावरत मैदानात शिरले, बॉल बगलेत मारला आणि शाळेच्या दिशेने चालू लागले. दोन्ही टीम बघत उभ्या. पेणचा कॅप्टन सावंत मास्तरांपाशी आला. "सर, बॉल कुठे नेला?"

सावंत मास्तर आतून पेटलेले, पण शिस्तीचे. हेडमास्तरांचा हुकूम म्हणजे हुकूम. ताठ उभं राहून ते म्हणाले, "कोळंबीचा श्वास कोंडतो!"

त्यानंतर पेणची टीम आमच्याकडे पुन्हा आली नाही.

* * *

एक माझाही किस्सा आहे. चित्रकलेच्या परीक्षेला मी नेहमी लोटा-भांडं ठेवत असे. त्या वर्षी म्हटलं, समुद्राकाठची शाळा आहे, शंख ठेवू. केतकर मास्तर दुसऱ्या वर्गावर होते. त्यांच्या टाकीशेजारच्या परातीत चांगले टपोरे शंख दिसले, ते उचलून आणले. टेबलावर निळं कापड, त्यावर शंखांची मांडणी. मोठा मध्ये, बाकीचे भोवती. पोरं खाली माना घालून काढू लागली. मी खिडकीशी उभा.

थोड्या वेळाने एक मुलगा म्हणाला, "सर, खोडरबर घेऊ?"

मग दुसरा. मग सगळा वर्ग खोडायला लागला! मी ओरडलो, "एकदा नीट बघून काढा की! सारखं काय खोडताय?"

पेपर गोळा केले तेव्हा माझी मतीच गुंग झाली. कुणाचा मोठा शंख मध्ये, कुणाचा डावीकडे, कुणाचा कापडाच्या बाहेर. एकाच्या चित्रात तर शंखच नव्हते, नुसतं टेबल आणि कापड! मी त्याला उभं केलं. "हे काय? शंख कुठे आहेत?"

तो रडकुंडीला आला होता. "सर, मी आधी टेबल काढलं!"

मी वळून पाहिलं. टेबल रिकामं. शंखांत खेकडे राहात होते, ते शंखांसकट भिंतीच्या कडेने चालले होते.

केतकर मास्तरांनी सगळी चित्रं शांतपणे पाहिली आणि म्हणाले, "माझं ऐकाल तर सगळ्यांना पास करा. प्रत्येकाचं बरोबर आहे. फक्त वेळ वेगळी आहे."

* * *

शाळा तपासायला साहेब आले तेव्हाची गोष्ट. मराठी साहेब होते, पण सुटाबुटातले. टाकीची कीर्ती त्यांच्या कानावर गेलेली. आदल्या दिवशीच जानकीबाईने गोगलगायीसारखं, पण पाठीवर शंख नसलेलं एक जनावर आणून दिलं होतं. आम्ही कुणी तसलं कधी पाहिलं नव्हतं. मास्तरांनी ते मोठ्या कौतुकाने टाकीत सोडलं.

सकाळी साहेबांना घेऊन वर्गात गेलो तर टाकीतलं पाणी जांभळं! दौतीतल्या शाईसारखं गडद जांभळं! त्या जनावराने अंगातला रंग सोडला होता. काचेच्या आत नखभर काही दिसेना.

केतकर मास्तर पांढरेफटक. हेडमास्तरांनी मात्र प्रसंग सांभाळला. ठरलेलं भाषण त्यांनी सुरू केलं. "साहेब, या टाकीत आपल्या किनाऱ्यावरचे नाना प्रकारचे जीव आहेत."

साहेबांनी काचेला नाक लावलं. "कुठे?"

"आहेत साहेब. दिसत नाहीत."

"दिसत नाहीत, मग आहेत हे कशावरून?"

"आमच्या केतकरांची श्रद्धा आहे," हेडमास्तर म्हणाले.

साहेब सरळ उभे राहिले. "मग ही सायन्सच्या वर्गात कशाला ठेवलीत? देवघरात ठेवा!"

* * *

आता त्या समुद्रफुलाचं सांगतो.

टाकीत एका दगडाला चिकटलेलं समुद्रफूल होतं. जनावरच ते, पण पाण्यात शेवंतीसारखं उमलतं. खडकावर असताना सुरेख उमललेलं म्हणून केतकर मास्तरांनी ते दगडासकट उचलून आणलं. टाकीत आल्यावर मिटलं ते मिटलंच. तपकिरी बोंडासारखं झालं. मास्तरांनी पाणी बदललं, कोळंबीचा तुकडा काडीने भरवून पाहिला, ऊन लागत असेल म्हणून काचेवर पंचा टाकला. काही नाही. जिवंत आहे की मेलंय, यावर आमच्यात रोज वाद. हेडमास्तरांना टाकीचा जाच वाटे, पण प्रार्थनेच्या आधी ते हळूच वर्गात डोकावून विचारून जात, "उमललं का?"

अशात खानदेशातून निरोप आला. केतकर मास्तरांचे वडील अंथरुणाला खिळले, जवळ कुणी नाही. मास्तरांनी तिकडच्याच शाळेत नोकरी धरली. टाकीतलं एकेक जनावर त्यांनी समुद्रात नेऊन सोडलं. राहता राहिला तो दगड. जायच्या दिवशी सकाळी ओहोटी होती. बादलीत दगड घेऊन मास्तर निघाले, मी सोबत. फाटकाशी हेडमास्तर उभे. कोट, पगडी, आणि हातात पायताण.

"मीही येतो," ते म्हणाले.

खडकातल्या एका मोठ्या डबक्यात मास्तरांनी दगड अलगद ठेवला. तोच एक लाट आली, पाणी गढूळ झालं, दगड घसरला. पाणी निवळल्यावर बघतो तर डबकंभर समुद्रफुलं! सगळी उमललेली, सगळी सारखी. आम्ही तिघं वाकून शोधू लागलो.

खडकांवरचे कालवांचे शिंपले काढायला आलेली जानकीबाई थांबली. "काय हरवलं वो?"

"काही नाही बाई," हेडमास्तर मान वर न करता म्हणाले. "पोचवायला आलोय."

तिने चहूकडे पाहिलं. होडी नाही, बोट नाही. "कोनाला?"

इतक्यात हेडमास्तर ओरडले, "केतकर! ते बघा, ते आपलं!"

"कशावरून सर?"

"ते एकटंच मिटलेलं आहे!"

खरंच, दोन खडकांच्या मध्ये एक तपकिरी बोंड होतं. आम्ही बघत उभे राहिलो. भरती लागली. पाणी घोट्याला आलं, मग पोटरीला. हेडमास्तरांच्या कोटाचं टोक भिजलं, त्यांना पत्ता नाही. जानकीबाई हाका मारून दमली. मग पुन्हा एक मोठी लाट आली आणि सगळं ढवळून गेली. हळूहळू वाळू खाली बसली.

पाणी स्वच्छ झालं. डबक्यात मिटलेलं एकही नव्हतं.

हेडमास्तर कितीतरी वेळ इकडून तिकडे नजर फिरवत राहिले. "केतकर," ते म्हणाले, "आता यातलं आपलं कुठलं हो?"

केतकर मास्तर रिकामी बादली हलवत केव्हाच किनाऱ्याकडे निघाले होते, आणि चक्क शीळ घालत होते!