मामाच्या जागी बसलेली मावशी

ते प्रकरण आठवले की आजही आधी पदराची एक गाठ डोळ्यांसमोर येते.

कोल्हापुरातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना एक बाई धावत आली. तिचा तीन वर्षांचा भाचा अंगणातून नाहीसा झाला होता. ती मुलाची आत्या. वडील आधीच वारले होते. नंतर आईही आजारात गेली. जाण्यापूर्वी आईने मृत्युपत्र करून या नणंदेला मुलाची पालक नेमले होते. विधवा आईला तो अधिकार आहे.

"संशय कुणावर?"

"मावशीवर. दुसरं कोण?"

मावशी गडहिंग्लजची. धाकट्या बहिणीमागे मूल आपल्याकडेच येणार, हे तिने गृहीत धरले होते. दिवसकार्य उरकल्यावर वकिलाने मृत्युपत्र वाचले, तेव्हा तिला कळले.

मूल अल्पवयीन, त्यामुळे अपहरणाचा गुन्हा नोंदवून फोटो सगळीकडे पाठवला. दुपारी वडापच्या, म्हणजे प्रवासी भरून नेणाऱ्या, एका जीपच्या चालकाने खबर दिली. तोंडाला पदर गुंडाळलेली बाई आणि खांद्यापर्यंत केस असलेले पोर त्याने जोतिबाला उतरवले होते. दोन हवालदार डोंगरावर गेले. फोटो बघून कुणीच ओळख देईना.

तेवढ्यात मावशी स्वतःच ठाण्यात आली. घरी बसली असती, तर आमचा तपास लांबला असता. पण बहिणीच्या नणंदेची फजिती बघण्याचा मोह तिला आवरला नाही.

"अंगणातनं पोर गेलं तरी पत्त्या न्हाई, अन् म्हणं पालक!"

"तूच नेलंस. बऱ्या बोलानं सांग," सकाळपासून ठाण्यातच बसलेली आत्या म्हणाली.

"मी कशाला नेऊ? तुझ्या नावावर करून दिलंय की बहिणीनं!"

मूल हरवलेला नातेवाईक आधी विचारतो, अंगावर काय होते, काही खाल्ले होते का. तिने यातले काहीच विचारले नाही. तिचे सगळे बोलणे आत्याबद्दल होते. तोंड धुऊन आली होती, पण कानामागे गुलाल राहिला होता.

मी आत्याला विचारले, "मुलाचे केस एवढे का वाढवलेत?"

"जावळ राहिलंय, साहेब. आईचं आजारपण, त्यात मामा न्हाई. ह्या दोघीच बहिणी. मग मांडीवर घेणार कोण?"

केस काढले असतील तर आमचा फोटो निरुपयोगी, हे तेव्हा लक्षात आले. हवालदाराला फोन करून सांगितले, आज कुणाचे जावळ निघाले ते विचारा. त्याने एका नारळवाल्याच्या हातात फोन दिला.

"निघालं की, साहेब. बाईच मांडी घालून बसली. म्हटलं, अक्का, मामा कुठं हाय? तर म्हणती, मीच मामा."

फोन ठेवून मी मावशीला विचारले, "मामा तुम्हीच का?"

ती बोलती झाली. "बहिणीनं माझं नाव कुठंच लिवलं न्हाई. म्हणून एक जागा माझी मीच घेतली. पोर आमच्या मालकांजवळ हाय, देवळाजवळच्या खोलीत."

संध्याकाळी मूल ठाण्यात आले. गुळगुळीत डोके गुलालाने माखलेले. ते थेट आत्याच्या कडेवर गेले. मावशीने मान फिरवली.

मुलाला छातीशी धरूनच आत्या म्हणाली, "केस कुठायत? आमच्यात जावळ आत्या पदरात झेलती."

मावशीने पदराच्या टोकाची गाठ मुठीत घट्ट धरली.

"बोलावलं असतंस तर आले असते की मी," आत्या म्हणाली.

"तुझ्याकडं अख्खं पोर हाय. केस तरी ऱ्हाऊ देत."

केस मुद्देमाल म्हणून जप्त करायचे का, असे हवालदाराने विचारले. दोघी एकदमच ओरडल्या, "न्हाई!"

गुन्हा मागे घेता येण्याजोगा नव्हता. मावशीला अटक झाली, पुढे आरोपपत्रही गेले. मृत्युपत्रात काहीच उणीव नव्हती. पालक नेमण्याबाबत कुणी सल्ला विचारला की मी तेव्हापासून एक गोष्ट सांगतो: ज्याला नेमणार नाही, त्यालाही समोर बसवून तुमच्या तोंडाने सांगा. ते काम वकिलावर सोडू नका.

त्या संध्याकाळी आत्याने मावशीविरुद्ध पूर्ण जबाब दिला, वाचून घेतला आणि सही केली. मुलाला घेऊन ती निघून गेली. केस मात्र तिने पुन्हा मागितले नाहीत.