बिनवशिंडाचा गोऱ्हा

सोलापुरात कॉलेजला आलो तेव्हा माझं इंग्रजी कच्चं होतं. खोलीतला सोबती म्हणाला, चित्रांची पुस्तकं वाच, अर्थ आपोआप लागतो. म्हणून सात रस्त्याजवळच्या रद्दीवाल्याकडून एक फाटकं इंग्रजी कॉमिक आणलं. शब्दकोश मांडीवर घेऊन तीन दुपारी वाचलं. अजूनही सांगायला संकोच वाटतो, पण त्याची मला भीती बसली.

त्यात आभाळाएवढी माणसं होती. देवच म्हणायचे, पण तोंड झाकलेले आणि एक शब्दही न बोलणारे. ते पृथ्वीवर उतरतात, गुहेतली माणसं मुठीत उचलतात, त्यांच्या रक्तात काहीतरी मिसळतात आणि निघून जातात. मागे काही देखणे उरतात, काही वेडेविद्रे. हजारो वर्षांनी ते परत येतात, ते फक्त या माणसांना ठेवायचं की पुसून टाकायचं हे ठरवायला. या सगळ्याला तिथे एक शब्द होता. कोशात त्याचा अर्थ दिला होता, प्रयोग.

तोच शब्द मी सुट्टीत घरी वापरला होता.

आमचं गाव नातेपुत्याच्या बाजूला. घरी एक खिलार गाय, तिचे गोऱ्हे मोठे झाले की वडिलांच्या औताला. त्या उन्हाळ्यात जनावरांचे डॉक्टर आले आणि परदेशी वळूचं बीज भरा, दूध वाढेल, म्हणाले. वडील कचरत होते. घरात शिकलेला मी एकटाच, म्हणून माझ्याकडे बघत होते.

"एक प्रयोग करून बघू, आबा," मी म्हणालो.

"परयोग? त्यो नाटकाचा अस्तोय की."

"तसा नाही. करून बघायचं, काय होतंय ते."

"आन् गाईला इचारलंस का?" आई चुलीपासून म्हणाली. आम्ही दोघं हसलो. डॉक्टरांनी कोपरापर्यंत रबरी हातमोजा चढवला. गाय मान वळवून माझ्याकडेच बघत राहिली.

कॉमिक वाचल्यापासून ती वळलेली मान मला दिसायला लागली. वर्गात संकराचा धडा निघाला की मी वही मिटून टाकायचो. तिच्या पोटात जे काही वाढत होतं, ते माझ्या सांगण्यावरून वाढत होतं. सोबत्याला हे बोलून दाखवलं.

"मग देवच झालास की रे तू," तो म्हणाला. तो चेष्टा करत होता. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

गाय याच आठवड्यात विणार, असं घरून कार्ड आलं. मी पहिल्या एसटीने निघालो. पोचलो तेव्हा ती व्याली होती आणि वासराला चाटत होती. मला हायसं वाटलं. वासरू तपकिरी, मोठ्या डोक्याचं, देखणंच होतं. गोऱ्हा होता.

वडील त्याच्या खांद्यावरून हात फिरवत होते. एकदा, दोनदा, पुन्हा.

"वशिंड लागंना हाताला," ते म्हणाले. "जू कुटं टेकायचं?"

ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

"नाटकाचा परयोग संपला की मान्सं घरी जात्यात," ते म्हणाले. "ह्यो कुटं जानार, तूच सांग."

गोऱ्हा ओल्या तोंडाने माझं बोट चोखायला लागला. वडील उत्तरासाठी थांबले होते, आणि मला एक शब्दही फुटत नव्हता.