फेलिसिदादची मापवही

फेलिसिदादच्या शिवणीला अख्खं मालवण मानायचं. तिनं शिवलेलं चढवलं की वाकडं अंगही सरळ दिसायचं, आणि हेच कसब बाईला भोवलं.

मासे विकणाऱ्या प्रेमलताची दिव्या दहा वर्षांची होती, तेव्हा पोरीचा उजवा खांदा वर चढतोय हे फेलिसिदादला माप घेताना दिसलं. मग काय, डाव्या खांद्यात कापसाची गादी, एका बाजूला चुण्या जास्त! पोरगी आरशात बघून खूश व्हायची नि तासन्‌तास बडबडत बसायची. एकट्या बाईच्या घरात दुसरं बोलणारं होतं कोण? सांगितलं तर डॉक्टरांच्या फेऱ्या सुरू होतील नि हिचं येणं बंद होईल, या भीतीनं बाई चार वर्षं गप्प राहिली. चुकलंच तिचं, दुसरं काय म्हणणार!

२००६ साली शाळेच्या तपासणीत पाठीचा बाक उघडा पडला. इंग्रजी कळतं म्हणून प्रेमलतानं फेलिसिदादलाच गोव्याच्या इस्पितळात सोबत नेलं.

ऑपरेशन करून पाठीत सळी बसवावी लागणार होती. डॉक्टरांनी टेबलावर दोन सळ्या ठेवल्या. एक हुकांची. जुनी, भरवशाची, पण पार कमरेपर्यंत बसवावी लागणार, म्हणजे पोरीला वाकणं कठीण. दुसरी स्क्रूंची. ती मणके घट्ट धरते, कमर मोकळी ठेवते, पण स्क्रू मज्जारज्जूला अगदी खेटून जातात.

"बाक किती वेगानं वाढला ते कळलं, तर ठरवायला बरं," डॉक्टर म्हणाले.

"आमका काय ठावक? आमी आत्ताच बघितला," प्रेमलता म्हणाली.

फेलिसिदादनं मापवही आणली होती, पण पिशवीत हात घालायचा धीर होईना. शेवटी काढली. दोन्ही खांद्यांची चार वर्षांची मापं, तारखांसकट. डॉक्टरांनी पानं उलटली. "एवढ्या झपाट्यानं? मग घट्ट धरणारे स्क्रूच."

प्रेमलता वहीकडे बघतच राहिली. "चार वर्सां तुका दिसत होता? नी तू गप बसलंस?"

"माझा चुकला गो."

परतीच्या एसटीत प्रेमलता लेकीला घेऊन पुढच्या बाकावर बसली.

ऑपरेशन झकास झालं. तीन महिन्यांनी दिव्या पेढे घेऊन दारात आली, ताठ, चांगली उंच झालेली. फेलिसिदादनं लगबगीनं टेप उचलली.

"नको आंटी, आता तयार कपडे बसतत माका!" पोर आनंदानं म्हणाली. "जातंय हां, आये रस्त्यार थांबली आसा."

किती सरळ चालत गेली ती! बाईला रडू आवरेना, नि त्या पाठीवरून नजरही हटेना.